एम३५ ए२ ला मोठी चाकं लावायच्या आधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लिलावात १९७१ चा एम३५ ए२, म्हणजे अमेरिकी लष्कराचा जुना ट्रक, घेतलाय, इंजिन चालू आहे, पण टायर जुनेच मिलिटरी पॅटर्नचे ९.००-२० आहेत आणि साइडवॉलला भेगा पडल्यात. आता दहाच्या दहा काढून सहाच मोठे टायर लावायचे, ३९५/८५ आर २०, म्हणजे पुढे दोन आणि मागे चार एकेरी. टेक्सासमधल्या तुमच्या जागेवर माती-लाकूड वाहायचं आणि महिन्यातून दोनचारदा हायवेने गावात जायचं. चाकं लगेच बसतील का, अजून काय लागेल, असं विचारलंय.

लगेच बसणार नाहीत, आणि बसवली तरी काम तिथे संपत नाही. मी आधी कोल्हापूरला हायवेवरच्या गॅरेजात आठ वर्षं आणि मग इथे टेक्सासात डिझेल शॉपमध्ये सतरा वर्षं ट्रकच केलेत, त्यात हे अडीच टनी, ज्याला इथले लोक ड्यूस अँड अ हाफ म्हणतात, बरेच हाताखालून गेलेत. त्यामुळे जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा, कारण यात एक गोष्ट जिवाशी येणारी आहे आणि ती तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीये.

ती आधी सांगतो. तुमच्या ट्रकची रिम एकसंध नाही. रिमच्या एका बाजूला लोखंडाची लॉक रिंग आहे, तीच टायरला जागेवर धरून ठेवते. आपल्याकडे जुन्या टाटा-लेलँडला नऊशे-वीस, हजार-वीसचे टायर असायचे ना, ट्यूब आणि फ्लॅप घालून, तोच प्रकार. पंक्चरवाला घण मारून रिंग काढतो ते आपण सगळ्यांनी लहानपणापासून बघितलंय, म्हणूनच त्याची भीती वाटत नाही आणि तिथेच चूक होते. कोल्हापूरला आमच्या गॅरेजात एक पोरगा असंच चाक भरत होता. रिम जुनी, रिंग बसते त्या खाचेत गंज साचलेला, तो वायर ब्रशने नीट काढलाच नव्हता, रिंग एका बाजूला साधारण बोटाच्या नखाएवढी वर राहिलेली. त्याने हवा लावली, नळी व्हॉल्व्हवर अडकवली आणि मालकाने हाक मारली म्हणून उठून गेला. पाच-सात पावलं गेला असेल तोवर धाड्कन आवाज झाला, धूळच धूळ, आणि धूळ खाली बसली तेव्हा रिंग कुठेच दिसेना. वर बघितलं तर पत्र्याला लांबट भोक पडलेलं. रिंग पत्रा फाडून बाहेर जाऊन मागच्या उसात पडली होती. तो पोरगा एक मिनिट आधी त्याच रिंगवर वाकून बसला होता. तेव्हापासून मी लॉक रिंगचं चाक लोखंडी सुरक्षा पिंजऱ्याशिवाय भरलेलं नाही, आणि कोणाला भरू दिलेलं नाही.

अमेरिकेत याला नियमच आहे, ओशाचा (कामगार सुरक्षा खात्याचा) १९१०.१७७, १९८० पासून, मल्टीपीस, म्हणजे अशा सुट्या रिंगच्या रिमचं चाक पिंजऱ्यात ठेवूनच भरायचं. त्यातलं अजून एक कलम तुम्हाला आजच लागू पडतंय. टायरमध्ये ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवा असताना गाडी चालवली असेल, तर चाक एक्सलवरून उतरवायच्या आधीच व्हॉल्व्हची सुई काढून पूर्ण हवा सोडायची. लिलावाचा ट्रक वर्षानुवर्षं यार्डात उभा असतो, तुम्ही तो तसाच घरी आणला असणार, तेव्हा सगळ्या चाकांना हे लागू आहे असंच धरा. आधी सुई काढा, मग त्या भोकातून तार घालून बघा की गंज अडकून हवा आत राहिली नाही ना, आणि मगच पाना लावा. मागच्या जोड चाकात दोन्हीची हवा सोडा, फक्त बाहेरच्याची नाही. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर हातोडा कधीच मारायचा नाही, बसली नसेल तर हवा सोडून परत पहिल्यापासून. आणि एका रिमची रिंग दुसऱ्या रिमला दिसायला बसते म्हणून लावायची नाही, रिंगवर आणि रिमवर ठोकलेले नंबर जुळले पाहिजेत. वाकलेली, चिरलेली किंवा वेल्डिंग केलेली रिंग सरळ भंगारात. हे काम तुम्ही घरी करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रक टायरच्या दुकानात न्या, पण जायच्या आधी फोन करून विचारा, कारण बरीच दुकानं आता लॉक रिंगला हात लावत नाहीत.

आता चाकांकडे येतो. तुमच्या हबला सहा स्टड आहेत, पावणेनऊ इंचाच्या वर्तुळावर. बाजारात स्वस्तात मिळणारे ३९५ चे टायर बहुतेक एलएमटीव्हीवरून, म्हणजे लष्कराच्या नंतरच्या ट्रकवरून, उतरवलेले असतात आणि रिमसकट मिळतात, पण ती रिम दहा बोल्टची. पाच टनी ट्रकची पण दहाचीच. ती तुमच्या हबवर बसत नाही. त्यामुळे तीन रस्ते उरतात, एक तर एम३५ ए३ ची, म्हणजे याच ट्रकच्या नंतरच्या मॉडेलची, सहा बोल्टची रुंद रिम शोधायची, नाहीतर दहा बोल्टच्या रिमचा मधला भाग कापून सहा बोल्टचा बसवून घ्यायचा, नाहीतर अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर मी लावत नाही, एवढ्या वजनाला बोल्टांचा अजून एक जोड वाढवायचा आणि चाक तेवढं बाहेर काढायचं, मला ते पटत नाही. कापून बनवलेली रिम घेणार असाल तर ज्याने ती जोडलीय त्याच्याकडे जाऊन त्याचं वेल्डिंग डोळ्यांनी बघा, आणि हबवर लावून फिरवून डायल गेज लावा, वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही डोल मोजा. फोटोवरून ऑर्डर देऊ नका. नटाची बैठक पण बघा, तुमच्या चाकाला गोल बैठकीचे नट लागतात, चाकाचा मध्य तेच धरतात. सपाट नटाच्या रिमला गोल नट किंवा उलटं केलं तर चाक घट्ट वाटतं आणि शंभर मैलात सैल होतं.

मागच्या चाकांचा घोळ वेगळाच आहे. मागे जोड चाकं असतात तेव्हा आतलं चाक एका दिशेला तोंड करून आणि बाहेरचं उलट्या दिशेला तोंड करून, पाठीला पाठ लावून बसलेलं असतं. त्यातलं एक काढून एकेरी केलं की ते पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, आतल्या जागेवर लावलं तर जास्त आत जातं आणि रुंद टायर स्प्रिंगच्या पाट्यांना लागायची भीती, बाहेरच्या जागेवर लावलं तर ट्रकच्या बाहेर येतं. रेषेत आणायला लोक मागचे हब उलटे करून बसवतात. हे होतं, मी पण केलंय, पण ते एका दुपारचं काम नाही, चारही एक्सल शाफ्ट काढायचे, हब-ड्रम उतरवायचे, बेरिंग धुवून बघायची, सील नवीन टाकायचे, स्टड बदलायचे. त्यात एक फायदा मात्र आहे, तेवढं उघडलंच आहे तर ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि लायनर डोळ्यांसमोर येतात, ते त्याच वेळी करून घ्या, त्याबद्दल पुढे सांगतो. एकेरी चाकाला मागे नट पण पुढच्या चाकासारखे लागतात. जोड चाकात आतलं चाक धरायला आत चौकोनी डोक्याचे लांब कॅप नट असतात आणि त्यांच्यावर बाहेरचे सहा पैलूंचे नट चढतात, ते आतले कॅप नट तसेच ठेवून एकेरी चाक आवळून काम भागवलेलं मी एका ट्रकवर बघितलंय, दोन नट सैल आणि चाकाच्या डिस्कची भोकं अंडाकृती झालेली. तसं करू नका.

आता टेप घ्या आणि ट्रकच्या मागच्या बाजूला बसा. मधल्या एक्सलच्या मध्यापासून शेवटच्या एक्सलच्या मध्यापर्यंत मोजा, ४८ इंच भरतील. आता टायरचा हिशोब. ३९५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ८५ टक्के उंची, म्हणजे ३३६, ती दोनदा, अधिक २० इंचाची रिम, सगळं मिळून साधारण ११८० मिलिमीटर, म्हणजे ४६.४ इंच. ४८ मधून ४६.४ गेले की दोन टायरांच्या मधे दीड इंच आणि थोडं. तुमच्याकडची काळी माती मला माहितीय, पाऊस झाला की ती लापशीसारखी चिकटते, ती त्या दीड इंचात भरणार, एखादा दगड अडकला तर तो दोन्ही टायरांना कापत जाणार. बसतात, खूप लोकांनी लावलेत, पण मागे चिखल साचतो का हे तुम्हाला सतत बघावं लागेल. आणि कोणी तुम्हाला १४.०० आर २० स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊच नका, ते ४९ इंचाच्या आसपास असतात, ४८ मध्ये ४९ कसे बसणार. पुढच्या चाकांना पण स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाट्यांपासून आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून अंतर बघायचं, आणि ते ट्रक जॅकवर असताना नाही, वजन जमिनीवर असताना.

टायर मोठा केला की गाडीचं सगळं गणित हलतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचा जुना टायर साधारण साडेचाळीस इंची. त्याच्या जागी ४६.४ म्हणजे जवळजवळ १५ टक्के मोठा. स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा तुम्ही ५७ ने जात असाल. लोकांना हेच आवडतं, कारण हा ट्रक मूळचा ५५-५६ च्या पुढे जात नाही, इंजिन २६०० आरपीएमला थांबतं आणि एक्सलचा रेशो ६.७२, तर मोठ्या टायरने हायवेवर इंजिनाला आराम मिळतो. ते खरं आहे. पण तोच १५ टक्क्यांचा हिशोब ब्रेकला उलटा लागतो. ड्रम तेवढाच, लायनर तेवढाच, सिलिंडर तेवढाच, फक्त जमिनीपर्यंतचा हात लांब झाला. म्हणजे तेवढाच पाय दाबला तर टायर जमिनीला जेवढा धरायचा त्यापेक्षा साधारण १३ टक्के कमी धरतो, आणि गाडी मात्र आधीपेक्षा जोरात चाललेली. चढावर ओढ पण तेवढीच कमी, सपाटीला चौथा-पाचवा करत बसाल.

आणि एम३५ ए२ चा ब्रेक कसा आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. हवेच्या मदतीने चालणारा हायड्रॉलिक ब्रेक, मास्टर सिलिंडर एक, सर्किट एक. पुढचं वेगळं मागचं वेगळं असं काही नाही. सहापैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला किंवा एक जुना रबरी होज फाटला की पेडल तळाला जातं आणि सहाही चाकांचा ब्रेक जातो. ट्रकचं नुसतं रिकामं वजनच १३ हजार पौंडांच्या आसपास. म्हणून माझ्याकडे कोणी मोठी चाकं लावायला आला की मी आधी विचारतो, ब्रेक कधी उघडले होते? उत्तर येतं, चालतायत की. पन्नास वर्षांच्या ट्रकला हे उत्तर चालत नाही. सगळे होज नवीन, सगळे सिलिंडर नवीन, स्टीलच्या लाइनी गंज बघून बदलायच्या, फ्लुइड पूर्ण बदलायचं, मास्टरला ड्युअल सर्किटचा करून घेता आला तर फार उत्तम. टायरसाठी ठेवलेल्या पैशातले पहिले पैसे इथे जाऊ द्या.

स्टीअरिंग पण तसंच. ए२ ला बहुतेक पॉवर स्टीअरिंग नसतं. अरुंद ९.००-२० वर ते चालून जातं, गाडी हलत असताना वळवा, जागेवर वळवू नका, एवढं सांभाळलं की झालं. पुढे ३९५ घातले की जमिनीवरचा पट्टा रुंद होतो आणि पार्किंगमध्ये दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं, आणि चाकाखाली दगड आला की स्टीअरिंग हातातून झटका मारतं. अंगठे स्टीअरिंगच्या आत घालून कधी धरू नका. पुढे रुंद टायर लावायचे तर हवेची किंवा हायड्रॉलिकची मदत लावून घेणं मी सक्तीचं धरतो.

मग काही जण म्हणतात, पुढे जुनेच राहू दे, फक्त मागे मोठे लावतो, किंवा सध्या दोन घेतो बाकी नंतर. हे या ट्रकला अजिबात चालत नाही. मागच्या दोन एक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, दोन्ही एकाच शाफ्टवर सारख्याच फिरतात. एका एक्सलचा टायर लहान आणि दुसऱ्याचा मोठा असला तर सुक्या डांबरावर दोघं एकमेकांशी भांडत राहतात, टायर घासतो, गिअर तापतात. आणि तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, जर पुढची एक्सल आपोआप जोडणारा स्प्रॅग क्लच असेल, तर तो पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरच काम करतो. पुढे मोठा टायर आणि मागे लहान असलं तर पुढची एक्सल सुक्या रस्त्यावरही धरून बसते. माझ्याकडे एकाने ट्रक आणला होता, तक्रार एवढीच की डावीकडे वळताना गाडी अडकल्यासारखी होते आणि मग टण्ण आवाज करून सुटते. ट्रान्सफर केस उघडायची तयारी करून आला होता बिचारा. मी खडू घेतला, प्रत्येक टायरवर खूण केली, एक पूर्ण फेरा ढकलून जमिनीवरचं अंतर मोजलं. पुढच्या आणि मागच्यात तीन इंचांचा फरक, पुढे कोणीतरी नवीन रेडियल घातलेले आणि मागे झिजलेले जुने. टायर सारखे केले, आवाज गेला. तुम्ही पण टायर घेताना टेप टायरभोवती फिरवून परीघ मोजा, सगळे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. व्यासात पाव इंच म्हणजे परिघात पाऊण इंच, जोड चाकांत मी त्याच्या पुढे जाऊ देत नाही.

जुने सरप्लस टायर घेत असाल तर तारीख वाचा. साइडवॉलवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, मग नक्षी कितीही खोल दिसू दे, हायवेला नको. मिलिटरीचा टायर झिजत नाही, उन्हात उभा राहून म्हातारा होतो. वेगाचं अक्षर पण बघा, इंग्रजी G असेल तर ९० किलोमीटर, म्हणजे ५६ मैल, त्याच्यापुढे त्या टायरला न्यायचं नाही, मग मोठा टायर लावून ६५ ने जायचं स्वप्न तिथेच संपतं.

तर मी तुमच्या जागी काय करेन ते सांगतो. तुमचं काम माती, लाकूड आणि थोडा हायवे. त्याला जोड चाकंच चांगली, वजन दहा टायरांवर वाटलं जातं, एक पंक्चर झाला तर शेजारचा हळूहळू घरी पोचवतो. तुमच्याच रिमवर ९.०० आर २० रेडियल, नवीन रेडियलच्या ट्यूब, नवीन फ्लॅप. क्रॉसप्लायचा, म्हणजे रेडियल नसलेल्या जुन्या टायरांचा ट्रक ओल्या रस्त्यावर जो डावीकडे-उजवीकडे हुंदडतो आणि सकाळी पहिले चार मैल धडधडतो, ते दोन्ही जातं, तेवढ्यानेच तुम्हाला गाडी बदलल्यासारखी वाटेल. मूळ टायरांचं आडव्या खाचांचं पॅटर्न चिखलात बरं दिसतं पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की पकड फार कमी. १०.०० किंवा ११.०० जोड चाकांत घालायचा मोह टाळा, दोन टायरांच्या पोटात जागाच उरत नाही, वजन पडलं की एकमेकांना घासून गरम होतात आणि आतून फुटतात, बाहेरून कळत पण नाही. एकेरीच हवं असेल, दिसायला आवडतं हे पण कारण आहे आणि त्यात काही वाईट नाही, तर ११.०० आर २० बघा, साधारण ४३ इंची, तुमच्या साडेसात इंची रिमवर बसतो, ४८ च्या मधे पाच इंच मोकळे राहतात, स्टीअरिंग पण हाताळता येतं. हब उलटायचं काम त्यातही आहेच. पण एकेरीवर पाच हजार पौंडांच्या वर माल टाकू नका, आणि आधी टायरवर लिहिलेली एकेरी चाकाची भारक्षमता वाचून मग.

३९५ हवेच असतील तर क्रम असा ठेवा, आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग हब, सगळ्यात शेवटी टायर. उलट्या क्रमाने केलेले ट्रक टायर लावून झाल्यावर पैसे संपले म्हणून तसेच रस्त्यावर फिरताना मी बघतो.

कुठलेही लावा, त्यानंतर ट्रकस्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जाऊन एकदा रिकामा आणि एकदा नेहमीचा माल भरून एक्सलवार वजन करा. ती पावती घेऊन टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते बघा आणि तेवढी भरा. साइडवॉलवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त वजनासाठीचा असतो, तेवढी हवा रिकाम्या ट्रकमध्ये भरली की गाडी उड्या मारते आणि टायर मधोमध झिजतो.

आणि नटांचं. डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्याचे आहेत, त्यावर एल ठोकलेला असतो. इम्पॅक्ट गन नेहमीच्या दिशेने लावली तर ते सुटत नाहीत, अजून आवळले जातात आणि स्टड तुटतो, मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच दाखवतो. किती आवळायचे तो आकडा टीएम ९-२३२०-३६१ या लष्करी मॅन्युअलमध्ये आहे, तेवढ्याच टॉर्क रेंचने, क्रॉस करत, तीन टप्प्यांत. जोड चाकं ठेवलीत तर आतले कॅप नट परत आवळताना आधी बाहेरचा नट सैल करायचा, एका वेळी एकच, नाहीतर आतला आवळला जातच नाही. पहिल्या ५० मैलांनी एकदा, मग परत १०० नंतर. खडूने प्रत्येक नटावर आणि डिस्कवर एक सरळ रेघ मारून ठेवा, डिझेल भरायला उतरलात की एक चक्कर मारून रेघ मोडली नाही ना एवढं बघायचं.

मागच्या दोन एक्सलमधलं अंतर आणि रिमवरचे ठोकलेले नंबर मोजून-वाचून कळवा, कुठली रिंग आहे ते बघून मग टायरचं बोलू.